प्रयोगशाळा सर्वांची

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरची केळी तुम्ही खाल्ली असतील. पण केळ्यातील डी.एन.ए. कधी डोळ्यांनी पाहिला आहे का?

डी.एन.ए. प्रत्येक सजीवाच्या पेशीत असतो. आईवडिलांचे गुण मुलांत उतरतात ते त्याच्यामुळेच. पुस्तकातील त्याचे चित्र आपण पाठ करतो आणि परीक्षेत काढतो. पण तो पाहण्यासाठी फार काही लागत नाही. केळ्याचा तुकडा कुस्करावा. त्यात मीठ आणि भांडी धुण्याच्या साबणाचे पाणी मिसळावे. मिश्रण गाळून त्यावर अगदी थंड स्पिरिट हळूच ओतावे. साबणामुळे पेशींचे आवरण फुटते. डी.एन.ए. स्पिरिटमध्ये विरघळत नाही; म्हणून थोड्याच वेळात पांढरे तंतू दिसू लागतात. मात्र स्पिरिट चटकन पेट घेते. हा प्रयोग विस्तवापासून दूर आणि शिक्षकांसमोरच करावा.

असे प्रयोग करायचे कोठे? शाळा सुटली की प्रयोगशाळेला कुलूप लागते. ज्यांची शाळाच सुटली, त्यांना तर ते दार कायमचे बंद होते. म्हणून माझे म्हणणे असे की, गावात जसे सार्वजनिक वाचनालय असते, तशी सार्वजनिक प्रयोगशाळाही असावी.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाला जैवतंत्रज्ञान कशाला हवे? पण ते आपल्या दारी केव्हाच आले आहे. वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून काचेच्या बाटलीत वाढवलेली केळीची रोपे शेतकरी लावतात. बी.टी. कापसाला भारत सरकारने २००२ मध्ये परवानगी दिली. या कापसात मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडातच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. तरीही २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे फार मोठे नुकसान केले. अळी त्या प्रथिनाला दाद देईनाशी झाली होती. असे होऊ नये म्हणून तेव्हा बी.टी. कापसाभोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असत. पण अनेकांनी त्या लावल्याच नाहीत. नियम सांगितला गेला. त्यामागचे कारण किती जणांना समजावले गेले? कारण कळले नाही तर नियम ओझे वाटतो.

ज्ञान लोकांच्या भाषेत आणण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पूर्वी नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवले जाई आणि त्यासाठी दारुल तर्जुमामध्ये शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे होत. भाषांतराने ज्ञान कानापर्यंत आले; आता ते हातापर्यंत आले पाहिजे.

हे अशक्य नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले प्रत्यक्ष काम करत विज्ञान शिकतात. न्यूयॉर्क शहरात २०१० मध्ये ‘जेनस्पेस’ नावाची जैवतंत्रज्ञानाची लोकप्रयोगशाळा उघडली. तेथे शास्त्रज्ञ नसलेली माणसेही शिकायला येतात.

काहींना धोक्याची भीती वाटेल. ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणून येथे रोगजंतू मुळीच वाढवू नयेत. दह्यातील जिवाणू, नानच्या पिठातील खमीर आणि झाडांची पाने एवढे साहित्य शिकायला पुष्कळ आहे. जनुके बदलण्याच्या कामावर तर देशात १९८९ पासून नियमांचे बंधन आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ चा कायदा आहे आणि शासन मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान देते. मग प्रयोगशाळेला का देऊ नये? माणसेही जवळच आहेत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व कापूस संशोधन केंद्र आहे. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी दर रविवारी दोन तास दिले, मराठीत आणि उर्दूत समजावले, तर सुरुवात होईल. एक खोली, दोन सूक्ष्मदर्शक आणि काचेची थोडी भांडी एवढ्यावरही काम चालेल.

मित्रांनो, परीक्षेत चांगले गुण मिळवणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण उद्या शेतात कोणते बी पेरावे, कोणत्या जाहिरातीवर विश्वास ठेवावा, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. तेव्हा पाठ केलेले उत्तर पुरणार नाही. स्वतः पाहण्याची आणि तपासण्याची सवय कामी येईल. आपल्या शाळेची प्रयोगशाळा महिन्यातून एक रविवार गावासाठी उघडावी, अशी विनंती मुख्याध्यापकांना करून पाहा. पहिल्या दिवशी आपल्या अम्मी-अब्बांना सोबत न्या आणि केळ्यातले ते पांढरे तंतू त्यांना दाखवा.