'पुढे' या एका शब्दात काय दडलंय?

मंडळी, ४ डिसेंबर जवळ आला की घरच्या ग्रुपवर एक मजकूर हटकून फिरतो. शिवछत्रपतींनी आरमार उभारलं, कान्होजी आंग्र्यांनी ते वाढवलं आणि तेच पुढे आजचं भारतीय नौदल झालं. तीन वाक्यांत साडेतीनशे वर्षं! भाच्याने तो पाठवताना वर विचारलंय, "मामा, हे शाळेत का नाही शिकवलंत?" म्हणून हे जाहीर उत्तर.

पहिली दोन वाक्यं खरी आहेत. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची, बसरूरची मोहीम १६६५ ची. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही त्यांना वचकून होते. घोटाळा आहे तो तिसऱ्या वाक्यातल्या 'पुढे' या शब्दात.

पुढे असं झालं. कान्होजींचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांची जहाजं खाडीत एकमेकांना बांधून उभी होती. त्यांतल्या एकावर गोळा पडून आग लागली (हे जहाज तुळाजीने पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं होतं, बघा नशीब!) आणि त्या आगीत सगळं आरमार जळून गेलं. लूट निघाली सुमारे दहा लाखांची. तिची वाटणी कशी करायची हे इंग्रजांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच आपसात ठरवून टाकलं होतं. पेशव्यांचा त्यात वाटा नव्हता. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला. आणि हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला उभा होता.

तुळाजी साधुपुरुष नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. माजोरी होता, कोकणातल्या रयतेलाही त्याचा जाच होता. पण माजलेल्या सरदाराला वठणीवर आणणं निराळं आणि त्यासाठी परक्यांची गलबतं आपल्या खाडीत बोलावणं निराळं. जमिनीवरून पेशव्यांच्या फौजा त्याचे किल्ले घेतच होत्या की! मग आरमार वाचवून ताब्यात घेण्याची बुद्धी का झाली नाही? पुढे आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज पकडून दाखवलं, ते पेशव्यांच्याच नोकरीत. म्हणजे माणसं आपल्याकडे होती.

आता आजच्या नौदलाची वंशावळ. ती सुरू होते १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला आलेल्या कंपनीच्या जहाजांपासून. मग बॉम्बे मरीन, १८९२ मध्ये रॉयल इंडियन मरीन, १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही आणि १९५० मध्ये भारतीय नौदल. सुवर्णदुर्ग घेणारा जेम्स याच बॉम्बे मरीनचा. कटू आहे, पण आहे. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजी क्रूस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा मलाही भरून आलं. पण ध्वज बदलला म्हणून वंशावळ बदलत नाही. तो आपण निवडलेला आदर्श आहे, वारसाहक्काने आलेला नव्हे. निवडलेला आहे म्हणूनच मला त्याचं मोल जास्त वाटतं.

या मजकुरात आणखी एक गोष्ट नसते, तिचा मला जास्त राग येतो. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता वीसेक हजार खलाशी त्यात उतरले. त्यांना पाठिंबा द्यायला मुंबईचे कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. काँग्रेस आणि लीग दोघांनीही खलाशांना शरण जायला सांगितलं, कुणावर सूड उगवला जाणार नाही असा भरवसा दिला. प्रत्यक्षात धरपकड झाली, नोकऱ्या गेल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर ना भारताने त्यांना नौदलात परत घेतलं, ना पाकिस्तानने.

तर भाचेबुवा, कान्होजी शिकवले, तुळाजी शिकवायला पुस्तकात जागाच नव्हती. आता तुमची मुलगी सातवीत आहे. तिला विजयदुर्गाला न्याल तेव्हा तटबंदी दाखवाच, पण खाली खाडीच्या काठीही घेऊन जा आणि इथे कुणाचं आरमार जळलं, कुणी कुणाला बोलावलं होतं, हे नावांसकट सांगा.