खुब्याची शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने झाली, हे प्रथम विचारावे

पोलादपूर परिसरातील घरटी कोणी ना कोणी मुंबईस असते. गावी आईचा खुबा झिजून चालणे बंद झाले, की मुलगा तिला मुंबईस नेतो, कृत्रिम सांधा बसवला जातो आणि काही आठवड्यांत ती गावी परतते. शल्यचिकित्सक दूर राहतो. हाकेच्या अंतरावर असतो तो वैद्य.

अशाच एका आजींच्या पायास आम्ही नित्याप्रमाणे तेल लावून पाय दुमडू लागलो, तोच सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टरांनी पाय दुमडायचा नाही म्हणून सांगितलंय.” आम्ही हात आवरला. रुग्णालयाचा कागद पाहिला, तर शस्त्रक्रिया मागील बाजूने झालेली होती. जे आम्ही आधी विचारावयास हवे होते, ते सूनबाईंनी सांगितले.

1962 साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी या सांधारोपणास आधुनिक रूप दिले. आज सांध्यापर्यंत पोहोचण्याचे तीन मार्ग मुख्य आहेत. मागील मार्ग सर्वाधिक रूढ आहे. यात चाल राखणारे बाजूचे स्नायू सुरक्षित राहतात. परंतु आरंभीचे काही आठवडे उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे वा गुडघा आत वळवणे यांनी सांधा निखळू शकतो. बाजूच्या मार्गात निखळण्याचे भय कमी, पण स्नायूचा काही भाग सोडवावा लागत असल्याने काहींची चाल लंगडी राहते. पुढील मार्ग स्नायूंच्या मधून जातो, रुग्ण लवकर चालू लागतो. मात्र मांडीची बाहेरील बाजू बधिर होऊ शकते व शल्यचिकित्सकास दीर्घ सराव लागतो. यात पाय मागे ताणून बाहेर वळवणे टाळावे लागते.

यांतील श्रेष्ठ कोणता, असे रुग्ण विचारतात. वर्षभरानंतर तिन्हींच्या फलात फारसे अंतर उरत नाही. म्हणून ज्या शल्यचिकित्सकाचा जो हातखंडा, तो मार्ग उत्तम, असे आमचे मत आहे.

सुश्रुतांनी संधिगत वातात स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले, ते निसर्गदत्त सांध्यासाठी. धातूच्या सांध्यास तोच न्याय लावणे हा शास्त्राचा आदर नव्हे. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्यावर तेल व शेक नको. पोटरी सुजून दुखत असेल तर मर्दन मुळीच करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गुग्गुळकल्प शल्यचिकित्सकास विचारल्याविना देऊ नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंनाही हीच विनंती. “खुब्याच्या दुखण्यावर तेल द्या,” असे कोणी म्हणताच ऑपरेशन झाले आहे काय, हे विचारावे. झाले असल्यास बाटली काढण्यापूर्वी रुग्णास वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री लांबेल. एखाद्या माउलीचा सांधा मात्र जागेवर राहील.