बॅकप आहे हो, पण परत आणता येतो का?

"बॅकप आहे ना?" विचारलं की सगळे मान डोलावतात. "तो परत कसा आणायचा, हे कुठे लिहिलंय?" विचारलं की एका माणसाकडे बोट दाखवतात. तो माणूस नेमका सुट्टीवर असतो.

३१ जानेवारी २०१७. जगभरच्या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी, गिटलॅब. रात्री उशिरा एक इंजिनियर दुय्यम सर्व्हरवरचा विदा पुसायला गेला आणि मुख्य सर्व्हरवरचा पुसू लागला. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकपच्या पाच तऱ्हा होत्या, पण भरवशाची एकही नव्हती. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर आणि त्याची प्रत काढणारं पीजी-डंप ९.२ चं, ते रोज निमूट बंद पडत होतं. तसं कळवणाऱ्या इमेलीही नाकारल्या जात होत्या. शेवटी कामी आली ती सहा तास आधी एकानं दुसऱ्याच कामासाठी हातानं काढलेली प्रत. मधल्या सहा तासांतला विदा गेला. कंपनीनं हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, हे मला फार आवडतं.

त्या इंजिनियरला दोष देण्यात मला रस नाही. मध्यरात्री कुणाच्याही हातून हे होईल. माझं भांडण पाच तऱ्हांशी आहे. पाच असल्या की प्रत्येकाला वाटतं, उरलेल्या चार चालत असतील. त्यापेक्षा एकच कमांड असावी, आणि तिनं सगळं घ्यावं. 'सगळं' म्हणजे फक्त तक्ते नव्हेत. पीजी-डंप एका डेटाबेसची प्रत काढतं. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, ते पीजी-डंपऑलनं वेगळे काढावे लागतात. अपलोड केलेल्या फायली तर डेटाबेसबाहेरच असतात. हे कळायला मला पीएचडीनंतर दोन वर्षं लागली.

आमच्या प्रयोगशाळेत आता दर सहामाहीला नव्या विद्यार्थ्याला रिकामा संगणक आणि एक छापील पान देतो. तोंडी मदत करायची नाही. पहिल्या खेपेला गाडी तिसऱ्या ओळीवर अडली: "नेहमीचा पासवर्ड टाका."