पहिला टवका

गाडी घेऊन १९ दिवस झाले होते. मीटरवर ४१२ किलोमीटर. सीटवरची प्लास्टिकची कव्हरं आईनं काढू दिली नव्हती, बंपरला लटकवलेलं लिंबू अजून ताजं होतं आणि पहिला ईएमआय कटायला ११ दिवस बाकी होते. म्हणजे हिशेबानं बघितलं तर गाडी अख्खीच्या अख्खी बँकेची. टवका मात्र माझ्या काळजाचा उडाला!

झालं असं, की मामाला गाडी दाखवायची होती. मामा मुळशीत, मुठा गावात. ज्या नदीवरनं आपण रोज ऑफिसला जाताना हॉर्न वाजवत जातो, तिच्याच नावाचं गाव. रविवारी सकाळी कोथरूडहून निघालो. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट. तिथं डावीकडे वळून उरवड्याच्या रस्त्याला लागलो. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर हिरवेगार, गाडीत गाणी… आणि पुढे खडीनं भरलेला डंपर. ताडपत्री नावाला, अर्धी हवेत. शहाणा माणूस मागे राहिला असता. मी त्याच्या शेपटाला चिकटून ओव्हरटेकची संधी शोधत होतो.

टक्!

एवढासाच आवाज. पण नवी गाडी घेतलेल्या माणसाला तो हाडात ऐकू येतो. घाटात कडेला थांबून बघितलं तर बॉनेटवर, बरोब्बर मधोमध, मसुराच्या डाळीएवढा टवका. आत चकचकीत पत्रा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्यासमोर माझा १९ दिवसांचा मेटॅलिक निळा काय टिकणार?

मामाच्या अंगणात गाडी लावली तेव्हा माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. मामीनं गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं. चहा होईपर्यंत मी आत बसलो आणि बाहेर आलो तर मामेभावाची सहा वर्षांची लेक बॉनेटवरच्या धुळीत बोटानं मोठ्ठा ‘ग’ काढत होती. पहिलीत गेलीय, अक्षरं नवीन आहेत. ‘‘काका, ग गाडीचा,’’ ती म्हणाली.

‘‘ए! हात काढ आधी! काढ म्हणतो ना!’’

मी केवढ्यानं ओरडलो ते मामी हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली त्यावरून कळलं. पोरगी गोठ्यामागे पळाली. मामा काही बोलला नाही. बॉनेटजवळ आला, टवक्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘डंपर का रे?’’

‘‘हो ना! ताडपत्रीसुद्धा धड बांधत नाहीत लेकाचे.’’

‘‘वाडीच्या रस्त्याची खडी असणार. कालपासून येतीय. दोन पावसाळे वाट बघतोय आम्ही तिची.’’ मग जरा थांबून, ‘‘ट्रॅक्टरचा ऑइलपेंट आहे घरात. निळाच आहे. लावू का एक हात?’’

मी घाईघाईनं नको म्हणालो.

सोमवारी ऑफिसात अर्थातच सल्ल्यांचा पूर. टूथपेस्ट लाव. मार्कर मिळतो, तो फिरव. क्लेम टाक. सर्व्हिस सेंटरवाल्यानं तर पूर्ण बॉनेट रंगवायचा साडेचार हजारांचा आकडा शांतपणे सांगितला. शेवटी मी पिरंगुटच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो आणि अर्ध्या तासात जे शिकलो, ते गाडी घ्यायच्या आधी कुणी का सांगत नाही, कोण जाणे.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचा रंग असतो किती जाड? सगळे थर धरून एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. ऑफिसच्या प्रिंटरमधला एक कागद घ्या, तेवढा. त्या एका कागदात सगळात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग आपण ज्याच्यावर भाळून बुकिंग करतो तो रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक त्याची, उन्हापासून बचावही त्याचाच.

त्यामुळे ओरखडा दिसला की आधी रडायचं नाही, ओला करून बघायचा. पाण्यानं दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे. मग त्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर हातानं पॉलिश करून तो जातो किंवा निदान विरतो. नख अडकलं तर चरा खोल आहे, घासून जाणार नाही. उलट घासाल तेवढा आजूबाजूचा चांगला थर पातळ कराल. टूथपेस्टचं तेच. ती म्हणजे बारीक पॉलिशच, पण दातांसाठी बनवलेलं. आणि टवक्यात तर ती फक्त पांढरी भरून बसते.

टवक्याचा नियम वेगळा. आत राखाडी दिसतंय म्हणजे प्रायमर शाबूत आहे, घाई नाही. पत्रा चमकतोय म्हणजे घाई आहे. मुळशीचा पाऊस असेल तर फारच. गंज कडेकडेनं रंगाखाली शिरतो आणि मसुराचा हरभरा होतो. बंपरवर टवका असेल तर निवांत राहा, ते प्लास्टिक असतं, गंजत नाही.

माझ्या टवक्याचं काम मी स्वतःच केलं. कारागीरच म्हणाला, ‘‘साहेब, एवढ्यासाठी अख्खं बॉनेट कशाला मारता? कंपनीचा मूळ रंग आहे, तसा भट्टीतला रंग आम्हाला पुन्हा देता येणार नाही.’’ धंदा नाकारणारा माणूस खरं बोलत असतो, हा माझा अनुभव. तर गाडीवर एका पट्टीवर किंवा स्टिकरवर रंगाचा कोड असतो (माझ्या गाडीत दाराच्या खांबाला होता), त्या कोडचा टच-अप रंग मागवायचा. नुसता ‘निळा’ म्हणून नाही. जागा धुऊन, कोरडी करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, म्हणजे वॅक्स आणि हाताचं तेल निघतं. गंज धरला असेल तर बारीक पॉलिशपेपरच्या टोकानं तेवढाच काढायचा. पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका. मग रंग, पण बाटलीच्या झाकणातल्या ब्रशनं नाही. तो ब्रश भिंत रंगवायचा आहे. टूथपिकच्या टोकानं थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थेंब. शेवटी क्लिअर कोटचा. सावलीत आणि सबुरीनं. पॉलिशला पुढचे काही आठवडे हातच लावायचा नाही.

दिसतो का? दिसतो. मेटॅलिकमध्ये हातानं केलेला ठिपका उन्हात वेगळा चमकतोच. चार फुटांवरून मात्र मलाही शोधावा लागतो.

क्लेमचं विचाराल तर सरळ हिशेब करा. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो पुढे ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका ठिपक्यासाठी तो घालवायचा, वर सक्तीचा वाटा खिशातूनच भरायचा. सिरॅमिक कोटिंगनं दगड थांबत नाही, थांबवली तर जाड पीपीएफ फिल्मच काही प्रमाणात थांबवते, आणि तिचा खर्च ऐकून मी विषय बदलला. फुकटातला उपाय डंपरपासून लांब राहण्याचा. ८०च्या स्पीडला दगडाचा मार ४०च्या चौपट बसतो, शाळेत शिकलोय आपण हे.

आता खरी गंमत. कारागिरानं टॉर्च मारून मला बॉनेट दाखवलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा, शेकड्यांनी. ‘‘हे कुणी केलं?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘कोरड्या फडक्यानं रोज कोण पुसतं?’’

मीच. गेले १९ दिवस, रोज सकाळी, प्रेमानं. रस्त्याची धूळ म्हणजे बारीक दगडच, आणि मी ती फडक्याखाली धरून गाडीभर घासत होतो. त्या जाळ्यात ‘ग’ही होता, नीट बघितल्यावर दिसला. पाणी लावलं तर नाहीसा झाला, नख अडकलं नाही. पॉलिशच्या दोन हातांत तो गेला. माझ्या रेषा अजून आहेत.

महिन्यानं पुन्हा मुठ्याला गेलो. वाडीपर्यंत खडी पडून रोलर फिरला होता. पोरगी तुळशीपाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. गाडीकडे बघत होती, पण जवळ येत नव्हती. मी मामीकडून दोन बादल्या मागून घेतल्या, डिकीतून शाम्पू काढला, आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ दिली आणि तिला हाक मारली.

‘‘हात लावू?’’ तिनं आधी विचारलं.

मागच्या काचेवरच्या फेसात तिनं ‘ग’ काढला. मग काना दिला. ‘डी’ काढेपर्यंत फेस ओघळायला लागला होता, म्हणून तिनं आणखी शाम्पू मागितला.