आईच्या बेगारीवर चालणारे बालकक्ष

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. त्याच समारंभात राज्यातील आणखी नऊ महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि मिळून वैद्यकीय शिक्षणाच्या 900 जागा वाढल्या, असे सांगण्यात आले. अशा प्रसंगी श्रेयाला वाटेकरी पुष्कळ मिळतात. परंतु या दहा जिल्ह्यांतील बालकक्षांत मध्यरात्रीनंतर तापाने फणफणलेल्या मुलाच्या खाटेशी कोण उभे राहणार, त्याचा श्वास कोण मोजणार आणि त्याच्या ओठांना पाणी कोण लावणार, या प्रश्नाचे उत्तर त्या समारंभात कोणी दिले नाही. आश्चर्य याचे वाटते, की ते कोणी विचारलेही नाही. महाविद्यालय मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो आरोग्यव्यवस्थेच्या हिशेबात डॉक्टर, इमारत आणि यंत्र यांनाच मोजण्याच्या जुन्या सवयीचा.

ही सवय खरोखरच जुनी आहे. भोर समितीने 1946 मध्ये आपला अहवाल दिला तेव्हा हिंदुस्थानात 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि परिचारिका मात्र 43,000 लोकांमागे एक! सगळ्या देशात मिळून परिचारिकांची संख्या होती अवघी 7,000 च्या आसपास. डॉक्टरांपेक्षा परिचारिका अधिक असाव्यात हा जगाचा साधा न्याय. तो येथे उलटा होता. समितीने 500 लोकांमागे एक परिचारिका हे लक्ष्य 1971 साठी ठेवले होते. ते साल उलटून अर्धशतक होऊन गेले.

संसर्गजन्य रोगाने आजारी पडलेले मूल बहुधा कशाने वाचते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. गोवराचे उदाहरण घ्यावे. गोवराच्या विषाणूला मारणारे खास औषध नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी द्यावयाच्या असतात: वर्षावरील मुलाला दोन लाख एककांची, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाखाची. याच्यापलीकडे जे उरते ते बहुतांशी शुश्रूषाच असते. डोळे स्वच्छ ठेवणे, तोंडातल्या व्रणांची काळजी घेणे, घोट घोट पाणी पाजत राहणे, अंगावरचे दूध तुटू न देणे, ताप पाहणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणे. गोवराची मुले सहसा पुरळाने दगावत नाहीत. ती दगावतात न्यूमोनियाने, अतिसाराने, क्वचित मेंदूच्या दाहाने. वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 च्या वर किंवा वर्षावरच्या मुलाचा 40 च्या वर गेला, की धोक्याची घंटा वाजली असे समजावे. ही घंटा ऐकणारा माणूस खाटेजवळ असला तर प्रतिजैविक आणि प्राणवायू वेळेवर मिळतो. तो नसला तर सकाळच्या फेरीला आलेल्या डॉक्टरपुढे उशीर झालेले मूल असते.

आता थोडे अंकगणित. वीस खाटांचा एक बालकक्ष आहे आणि रात्रपाळीला तेथे एकच अधिपरिचारिका आहे, असे समजा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, आणि एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाताना साबणाने हात धुवावयाचे तर पाऊण मिनिट लागते. म्हणजे वीस मुलांचे केवळ श्वास मोजण्यातच 35 मिनिटे जातात. अजून कोणाचे सलाईन बदललेले नाही, कोणाला इंजेक्शन दिलेले नाही, नोंदवहीत एक ओळ लिहिलेली नाही. त्यातच हगवणीने शुष्क झालेले दहा किलो वजनाचे एक मूल आले. जलसंजीवनीचे प्रमाण किलोमागे 75 मिलिलिटर. म्हणजे चार तासांत 750 मिलिलिटर पोटात जावयास हवे. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतात. हिशेब झाला 150 चमच्यांचा, दर दीड-दोन मिनिटांना एक. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. एका मुलासाठी एक माणूस चार तास जखडला गेला. केंद्र सरकारच्याच कर्मचारी निरीक्षण पथकाने बालकक्षासारख्या विशेष कक्षांना चार खाटांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी 45 टक्के वाढीव पदे, असा मापदंड घालून दिला होता, तो काही परिचारिकांचे लाड करण्यासाठी नव्हे.

मग हे 150 चमचे प्रत्यक्षात कोण पाजते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. आई पाजते. मूल सातपुड्याच्या पायथ्याचे, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातले असो, की घाटावरच्या लोणार-मेहकरकडचे असो. त्याच्यासोबत आई भरती होते आणि त्या क्षणापासून ती रुग्णालयाची बिनपगारी कर्मचारी बनते. ती चमचा धरते, लंगोट धुते, सलाईनची बाटली संपत आली की धावत जाऊन सिस्टरला सांगते, औषध आणावयास रांगेत उभी राहते आणि रात्री खाटेखाली किंवा मुलाच्या पायथ्याशी मुडपून पडते. मुलाला पुढे पाठवण्याची पाळी आली, की ग्रामीण रुग्णालयातून खामगाव, खामगावहून अकोला अशी तीच त्याला उराशी धरून फिरते. पंधरा ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार नि:शुल्क झाले, याचे स्वागतच केले पाहिजे. पण नि:शुल्क कोणाला? केस पेपरचे पैसे वाचले. बुडालेल्या मजुरीचे काय? कापसाच्या वेचणीच्या दिवसांत शेतमजूर बाईचे सहा दिवस रुग्णालयात गेले तर तिचा सहा दिवसांचा रोज बुडाला. तिच्या माघारी घरी राहिलेल्या धाकट्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडाली, ती वेगळी. एक काम करताना दुसऱ्या कामाचे जे उत्पन्न सोडून द्यावे लागते, त्याला अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्च म्हणतात. शासनाने न भरलेल्या पदाचा पगार खजिन्यात वाचतो, असे अर्थसंकल्पात दिसते. तो वाचत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या पदरातून काढला जातो, आणि ते पदर सर्वांत फाटके असतात. फुकट काम सक्तीने करवून घेणे याला मराठीत बेगार हा नेमका शब्द आहे.

ही बेगार अन्यायाची तर आहेच, संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत ती धोक्याचीही आहे. गोवर हवेतून पसरतो, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते नंतरच्या चार दिवसांपर्यंत मूल तो इतरांना देऊ शकते. ज्या कक्षात एका खाटेवर न्यूमोनियाचे, शेजारी गोवराचे आणि पलीकडे हगवणीचे मूल आहे, तेथे विलगीकरणाची खोली, वाहते पाणी, स्वच्छ चादरी आणि हात धुण्याची शिस्त हीच खरी भिंत असते. ही भिंत राखणे हे परिचारिकेचे शास्त्र आहे. तिला वीस खाटांवर एकटी पळवली, की पहिल्यांदा काय सुटत असेल तर हात धुणे. आया एकमेकींच्या मुलांना धरतात, एकाच भांड्याने पाणी पितात. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. मग तेच अधिकारी ‘नातेवाइकांच्या गर्दीमुळे संसर्ग पसरतो’ म्हणून पाटी लावतात! पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील बाईला स्वच्छतेचे धडे देणाऱ्यांनी तिच्या गावातील विहिरीचे पाणी एकदा तोंडात घेऊन पाहावे. गावात गोवराला ‘माता’ म्हणतात, पथ्ये पाळतात, यावरही बरेच हसून होते. अंधश्रद्धेशी लढलेच पाहिजे, पण रिकाम्या पदांचे पाप तिच्या माथी मारता येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघर काळजी घेववली आणि बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटवून दाखवले. मग कुटुंबाने आणि गावाने शुश्रूषा केली तर बिघडले कोठे? बिघडत काहीच नाही. उलट हीच उदाहरणे प्रस्तुत मुद्दा सिद्ध करतात. बनगावात माणसे मरत असताना दुसरा उपायच नव्हता. तरीही पाणी कोणत्या प्रमाणात, किती वेळाने, केव्हा थांबावे, हे सांगणारे आणि पाहणारे प्रशिक्षित लोक तेथे होते. गडचिरोलीच्या आरोग्यदूत स्त्रियांना शिकवले गेले, त्यांच्या कामाची तपासणी झाली आणि त्यांना मोबदला मिळाला. शिक्षण, देखरेख आणि मोबदला ही तिन्ही वगळून फक्त ‘आईची माया’ तेवढी उचलावयाची, हा आरोग्यविचार नव्हे. ही काटकसरीची युक्ती आहे.

आईची बेगार आणि परिचारिकेचे कंत्राट या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. ‘सेवा’ हा शब्द उच्चारला की ‘वेतन’ हा शब्द उच्चारण्याची लाज वाटावी, अशी व्यवस्था आपल्याकडे केलेली आहे. 3 मे 2020 रोजी लष्कराच्या हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुले उधळली गेली. दोन वर्षांनी, 2022 च्या मे अखेरीस, याच परिचारिकांना बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात राज्यभर संप करावा लागला. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी 14 मार्च 2024 च्या समायोजनाच्या निर्णयाची अंमलबजावणी मागत 2025 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा संपावर बसले. आणि कंत्राट म्हणजे काय, हे भंडाऱ्याने दाखवून दिले. जानेवारी 2021 मध्ये तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत दहा बालके गेली. चौकशीनंतर कायम नोकरीतील वरिष्ठांचे निलंबन झाले, तर कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवण्यात आली. पुढे गुन्हाही परिचारिकांवरच नोंदला गेला. इमारतीतील विजेची आणि अग्निसुरक्षेची जबाबदारी महिन्याच्या करारावरील मुलींच्या गळ्यात! ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. तेव्हा एका खासदाराने रुग्णालयाच्या प्रमुखांना शौचालय साफ करावयास लावले. त्या पाळीला प्रत्येक कक्षात किती परिचारिका होत्या, हे विचारण्याइतका वेळ त्या खासदारांना नव्हता.

सावित्रीबाई फुले यांचे नाव या संदर्भात फार सहजपणे घेतले जाते. 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, आणि संसर्ग होऊन 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई गेल्या. ज्या जिल्ह्यातील पंढरीनाथ पाटील यांनी 1927 मध्येच महात्मा फुल्यांचे चरित्र लिहिले, त्या बुलढाण्याला या घटनेची ओळख करून देण्याची गरज नाही. पण 3 जानेवारीला प्रतिमेला हार घालणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. सावित्रीबाईंना ते मूल पाठीवर घ्यावे लागले, कारण परक्या सरकारने प्लेगच्या बंदोबस्तासाठी शिपाई पाठवले होते, शुश्रूषा करणारे नव्हे. स्वराज्यातील परिचारिकेने आणि आईनेही संसर्ग अंगावर घेऊनच मुले वाचवावीत, अशी अपेक्षा करणारा माणूस सावित्रीबाईंचा वारसदार ठरत नाही.

राहता राहिला चळवळीचा प्रश्न. घाटाखाली काय आणि घाटावर काय, आरोग्याच्या मोर्च्याचे निवेदन वाचावे तर पहिल्या चार मागण्या इमारत, रुग्णवाहिका, यंत्रे आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्या असतात. परिचारिकांची पदे कोठेतरी ‘इत्यादी’मध्ये. ‘सिस्टर उर्मट बोलली’ ही तक्रार घेऊन कार्यकर्ता तावातावाने कक्षात शिरतो, आणि ती सलग कितवी पाळी करीत आहे हे विचारीत नाही. हा क्रम उलटला पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम 2020 पर्यंत आरोग्यावर खर्चावी असे म्हटले होते. महाराष्ट्र त्या मुदतीत त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. ही रक्कम मागताना ती प्रथम पगारी, कायम परिचर्येसाठी मागितली पाहिजे. आणि मुलाजवळ आई हवीच, तिच्याविना मूल राहणार नाही. तर तिला जेवण, झोपावयास जागा आणि बुडीत मजुरी मिळाली पाहिजे. यात नवे काही नाही. आदिवासी भागातील कुपोषित मुलांच्या पालकांसाठी नवसंजीवन योजनेने बुडीत मजुरीचे तत्त्व केव्हाच मान्य केलेले आहे. कुपोषणाने भरती झालेल्या मुलाच्या आईचा रोज बुडतो आणि गोवराने भरती झालेल्याच्या आईचा बुडत नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

तोवर एक काम तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांना उद्याच हाती घेता येईल. मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील कंत्राटी किती आणि आजच्या तिन्ही पाळ्यांना या कक्षात किती खाटांमागे किती परिचारिका आहेत, याचा फलक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या बालकक्षाच्या दारावर रोज लागावा, अशी मागणी करावयाची. 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम अशी माहिती आपण होऊन जाहीर करा, असेच सांगते. खडूने लिहिलेला काळा फळाही चालेल.