पाच काय?

वाण्याच्या दुकानात जाऊन नुसतं ‘पाच द्या’ म्हणून बघा. ‘पाच काय? किलो की रुपयांचं?’ असं विचारल्याशिवाय तो तागडीला हात लावणार नाही. हेच कॉम्प्युटरला शिकवा म्हटलं, की आमचे प्रोग्रॅमर बंधू हसतात. ‘अहो, एकक लक्षात असतंच की!’

कोणाच्या? १९९९ साली अमेरिकेचं एक यान मंगळावर पोचलं ते याच भरवशावर. छोट्या इंजिनांच्या रेट्याचा हिशेब जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने पौंडांत लिहिला, पुढच्याने तो न्यूटनमध्ये वाचला. फरक जवळजवळ साडेचार पटींचा! यान मंगळाच्या नको तितकं जवळ गेलं, ते गेलंच.

तेव्हा आकड्याला एकक आडनावासारखं चिकटलेलंच हवं. मीटरला सेकंदाने भागलं तर खुशाल वेग द्या. पण मीटरमध्ये सेकंद मिळवू पाहणाऱ्याचा कान प्रोग्रॅम चालायच्या आधीच धरा. यात वेळ जातो ही सबब नको. एफ शार्प नावाच्या भाषेत ही तपासणी आधीच उरकते, प्रोग्रॅम चालताना तिचा काडीचा भार पडत नाही.

तपासणी मात्र नीट हवी. पारा पाच अंश सेल्सिअसवर आहे म्हणजे फॅरनहाइटमध्ये ४१. पण पारा पाच अंशांनी चढला म्हणजे फक्त ९. अंश तेच, पाचही तेच!

माझं खरं भांडण आहे ते तयार प्रोग्रॅमांच्या साठ्यांशी. (त्यांना हे लोक लायब्ररी म्हणतात. पुस्तक एकही नसतं.) काहींत मीटर, फूट, पौंड दिले की यादी बंद. आमचा गुंठा कुठाय? १०८९ चौरस फुटांचा, चाळिसांचा एकर होणारा, भावाभावांना कोर्टात नेणारा गुंठा! तोळा तर दोन प्रकारचा: जुना ११.६६ ग्रॅमचा, हल्ली सराफ तोंडी म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या कुठल्या तोळ्याने मोजल्या, हे लायब्ररीने परस्पर ठरवायचं नाही. दोन्ही नोंदवू द्या, नावं मात्र वेगळी. आणि वाटीचे ग्रॅम मागितले, तर ‘कशाची वाटी? रव्याची की तुपाची?’ एवढं तिने विचारलंच पाहिजे. माझी मावशीसुद्धा विचारते.

‘पण लोक वाट्टेल ती एककं घालतील हो!’

घालू देत. कोणी ‘हात’ घालेल, कोणी ‘वीत’. किती सेंटिमीटरचा हात, तेवढं पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मग तो हात कोणाचा का असेना!