एकाच पातेल्यातले रात्रीचे जेवण

पुष्कळ घरांत रात्रीचे जेवण हे आता दिवसातले सर्वांत दुबळे जेवण झाले आहे. कमावती माणसे साडेसात-आठला घरी पोहोचतात, मुलांचा अभ्यास राहिलेला असतो, आणि पोळी-भाजी-वरण-भात असा साग्रसंगीत स्वयंपाक करण्याचे त्राण कोणातच उरलेले नसते. अशा वेळी घरातील आजी किंवा आजोबा समंजसपणे म्हणतात, "माझ्यासाठी वेगळे काही करू नका. चहा-बिस्किटांवर माझे भागते." हे ऐकून घरातल्यांच्या डोक्यावरचा भार थोडा हलका होतो, हे खरे. परंतु हा समंजसपणा रोजचा झाला की वर्ष-दीड वर्षात त्याची किंमत दिसू लागते. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, पायजम्याची नाडी अधिक आवळावी लागते, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. "वय झाले" असे म्हणून आपण ते सोडून देतो. त्यातला काही भाग वयाचा असतोच, पण काही भाग रात्रीच्या रिकाम्या ताटाचा असतो.

उतारवयात स्नायू झिजू लागतात आणि ही झीज रोखण्यासाठी व्यायामाइतकीच प्रथिनांची गरज असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ त्यांच्यासाठी हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे असे मानतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने हवीत. चार बिस्किटे आणि कपभर चहा यांतून तीन-चार ग्रॅमांपेक्षा अधिक मिळत नाहीत. कपभर दूध आणि एक पोळी घेतली तरी आकडा आठ-नऊच्या आसपासच थांबतो. सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण यांनी ही तूट भरून काढावी, तर त्या वयात एका वेळी फार खाल्लेही जात नाही.

याला उपाय म्हणून आणखी एक वेगळा पदार्थ रांधावा असे मी सुचवणार नाही. ज्या घरात ज्येष्ठांसाठी 'त्यांचे जेवण' निराळे शिजते, तिथे दोन गोष्टी घडताना दिसतात. रांधणारी व्यक्ती काही महिन्यांत थकते, आणि जेवणाऱ्याला आपण ओझे झालो असे वाटू लागून तो आणखी कमी खातो. घरातल्या सर्वांनी खावे असे एकच पातेले चुलीवर चढावे, आणि ज्येष्ठांसाठी जे वेगळे करायचे ते शेवटच्या पाच मिनिटांत करावे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. आपल्याकडे असे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांत पहिला मान अर्थातच मुगाच्या खिचडीचा.

खिचडीला आजाऱ्याचे अन्न म्हणून आपण उगाच खालच्या पायरीवर बसवले आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपासह न्याहारीला खाल्ले जातात, अशी नोंद करून ठेवली आहे. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त तर बादशाही मुदपाकखान्यातल्या खिचडीचे माप दिले आहे: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर. तुपाचे माप अकबराच्या दरबारापुरतेच ठेवू या! पण तांदूळ आणि डाळ समसमान, हे मात्र आपण अवश्य उचलावे. आपल्या घरांतल्या खिचडीत दोन-तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते आणि प्रथिनांचा प्रश्न तिथेच अर्धा अनुत्तरित राहतो.

माणशी ४० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगाची डाळ घेतली तर त्यातून साधारण साडेबारा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत वाटीभर दही घेतले की सोळाच्या आसपास. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत जे लायसिन कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी असते ते तांदूळ पुरवतो. दोघांची ही जोडी आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्र न शिकता जमवली होती.

चौघांसाठी सुमारे दीडशे ग्रॅम मावणाऱ्या वाटीने एक वाटी तांदूळ आणि एक वाटी डाळ घ्यावी. धुऊन अर्धा तास भिजत ठेवावी. ऑफिसमधून येणाऱ्याला उशीर होणार असेल तर हे काम आजोबांनी करावे, त्यात अवघड काही नाही. पाच लिटरच्या कुकरमध्ये चमचाभर तेलावर जिरे, हिंग, हळद, किसलेले आले आणि थोडी मिरपूड घालून त्यावर दुधी, लाल भोपळा, गाजर यांच्या बारीक फोडी परताव्यात. मग डाळ-तांदूळ आणि सात वाट्या पाणी घालावे. पाण्याला हात आखडू नये, कारण कोरडी खिचडी घशाखाली उतरत नाही. डाळीला फेस येतो म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, नाहीतर शिट्टीची नळी चोंदते. मध्यम आचेवर चार-पाच शिट्ट्या आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत धीर, एवढेच लागते.

कुकर उघडल्यावर ज्येष्ठांचा वाटा आधी वाडग्यात काढावा. तो डावाने घोटून घ्यावा, लागल्यास गरम पाण्याने आणखी सैल करावा. उरलेल्या खिचडीवर तरुण मंडळींसाठी लसूण, सुकी मिरची, शेंगदाणे, गरम मसाला यांची हवी तशी झणझणीत फोडणी ओतावी. मूळ पातेले एक, म्हणून जेवणाची चर्चाही एक. नातवाच्या ताटात आणि आजीच्या वाडग्यात तोच पदार्थ आहे, याचे मोल प्रथिनांच्या ग्रॅमांत मोजता येत नाही.

मिठाचा विचार मात्र पातेल्यातच करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात एका व्यक्तीने ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी मीठ खावे. वर सांगितलेल्या खिचडीत पाऊण चमचा मीठ पुरेसे आहे. माणशी एक ग्रॅम पडते. खरी गफलत होते ती पापड आणि लोणच्यात, कारण पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि तोही सोडियमच वाढवतो. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणारे मीठ बऱ्याचदा पोटॅशियमयुक्त असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये.

मीठ कमी केले की "कशालाच चव नाही" अशी तक्रार येणार, आणि ती खोटी नसते. वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते आणि वासाविना चव अपुरी राहते. म्हणून ज्येष्ठांच्या वाडग्यावर तुपाची छोटी फोडणी ताटातच घालावी: एक चमचा तूप, जिरे, चिमूटभर हिंग. तिचा दरवळ नाकाशी पोहोचला की भूक जागी होते. वर लिंबाची फोड आणि बारीक चिरलेली कोथिंबीर. ज्यांचे वजन घटत चालले आहे त्यांना दुसरा चमचा तूप आनंदाने वाढावा. 'तूप वाईट' हा धाक अशक्त माणसाला घालण्यात काही अर्थ नसतो. हृदयविकार असणाऱ्यांनी तेवढे आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

रोज खिचडी म्हटले तर कोणीही कंटाळेल. वरणफळे, ज्यांना पुष्कळ ठिकाणी चकोल्या म्हणतात, हा तितकाच पोटभरीचा एकपातेली पदार्थ आहे. तुरीच्या डाळीची आमटी उकळायला ठेवून कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे तिच्यात सोडायचे, बस्स. कवळी असणाऱ्यांसाठी पोळी पातळ लाटावी, तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान ठेवावेत आणि शिजल्यावर दहा मिनिटे झाकून मुरू द्यावेत. हुलग्याच्या पिठाचे लसूणदार शेंगोळे थंडीच्या रात्री फार सुखाचे लागतात. ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर उत्तम; तांदूळ कमी करायला सांगितलेल्या मधुमेहींनी खिचडीतही निम्मा तांदूळ काढून कण्या किंवा गव्हाचा दलिया घालून पाहावा. गोव्याकडचे खतखते भाज्यांनी समृद्ध असते, मात्र भाज्या चिरायला वेळ लागतो, म्हणून ते रविवारी. कोकणातली वालाची खिचडीही तशीच: वाल भिजवा, मोड आणा, सोला! पण दुपारी गप्पा मारत डाळिंब्या सोलण्याचे काम घरातल्या ज्येष्ठांना देता आले, तर त्यांच्या हातांना आणि मनालाही उद्योग मिळतो.

गिळताना त्रास होणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट काळजीवाहकांनी नीट लक्षात घ्यावी. पक्षाघातानंतर, कंपवातात किंवा स्मृतिभ्रंशात सर्वांत धोक्याचे अन्न अनेकदा कडक नसते. पातळ पाण्यात घट्ट तुकडे तरंगत असलेले अन्न अधिक त्रास देते, कारण पाणी घशात पुढे धावते आणि तुकडा तोंडात मागे राहतो. त्यामुळे पातळ आमटीतली वरणफळे त्यांना देऊ नयेत. एकजीव घोटलेली, चमच्यावर ठरणारी खिचडी द्यावी, आणि तीत मोहरी, कढीपत्ता, अख्खी मिरी, शेंगदाणे नसावेत. ताठ बसवून लहान चमच्याने भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

औषधांशीही या जेवणाचा संबंध आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. "सगळे आल्यावर जेवू" हा प्रेमळ हट्ट अशा घरात नको. त्यांचा वाटा वेळेवर वाढावा, आणि मुले आली की आजींनी त्यांच्या पंगतीला फक्त ताक घेऊन बसावे. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांच्या गोळीच्या कामात प्रथिने अडथळा आणतात, म्हणून ती गोळी सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घेण्यास सांगतात. डाळीचे प्रमाण वाढवताना हे विसरू नये. वॉरफेरिन चालू असेल तर पालक-मेथी वर्ज्य नाही, पण एक आठवडा भरपूर आणि दुसरा आठवडा अजिबात नाही असे करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी समसमान डाळीचा वरचा हिशेब लागू होत नाही. त्यांचे माप त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

आणि उरलेल्या खिचडीचे काय? ती कुकरमध्येच झाकून ओट्यावर रात्रभर ठेवण्याची सवय सोडावी. शिजलेल्या भातात टिकून राहणारे काही जंतू कोमट भांड्यात वाढतात आणि असे विष तयार करतात, जे सकाळी पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. तरुणाचे त्यात एका दिवसाच्या उलट्यांवर निभावते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला पाणी कमी पडून थेट रुग्णालय गाठावे लागू शकते. उरलेले अन्न पसरट भांड्यात काढून लवकर निववावे, दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी एकदाच चांगले वाफाळून संपवावे.

शेवटी, मुले परगावी आणि घरात दोघेच, अशा जोडप्यांविषयी. पत्नी आजारी पडल्यावर वयाच्या पंचाहत्तरीत प्रथमच गॅससमोर उभे राहणारे अनेक आजोबा आज आपल्या अवतीभवती आहेत. त्यांना पाककृतीच्या पुस्तकापेक्षा एक बरणी अधिक उपयोगी पडते. मुलीने किंवा सुनेने सुट्टीत आल्यावर एक किलो तांदूळ आणि एक किलो मुगाची डाळ निवडून, एकत्र करून त्या बरणीत भरून ठेवावी. माणशी ८० ग्रॅमप्रमाणे दोघांचे हे बारा दिवस होतात. दोघांपुरते धान्य मावेल असा एक पेला बरणीतच ठेवावा, ओट्यावर लहान कुकर, आणि बरणीच्या झाकणावर चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठळक अक्षरांत चिकटवलेली पट्टी: एक पेला धान्य, साडेतीन पेले पाणी, पाव चमच्याहून थोडे अधिक मीठ, चिमूटभर हळद, चार शिट्ट्या, मग गॅस बंद.